१० किमीला १ तास लागतो, इंटरव्हल किती जोरात मारायचे? आणि रेसमध्ये सातव्या किमीनंतर दम का संपतो?

तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत. आरंभशूरपणा! मी स्वतः त्यातलाच, म्हणून सांगतोय.

पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा ४०० मीटरचे ६ इंटरव्हल (ठरलेलं अंतर जोरात, मध्ये हळू, पुन्हा जोरात) मारायचे ठरवलेले. पहिला जीव खाऊन १:४५ मध्ये, एकदम हिरो. चौथ्याला २:२०, पाचवा कसाबसा ओढला आणि सहावा मारलाच नाही, गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभा होतो. तेव्हा वाटलं भारी मेहनत झाली, पण ते ट्रेनिंग नव्हतंच, नुसती दमणूक होती.

इंटरव्हलचा साधा नियम म्हणजे शेवटचा पहिल्याइतक्याच वेळात झाला पाहिजे, आणि संपल्यावर अजून एक जमला असता असं वाटलं पाहिजे. १० किमी ६० मिनिटांत म्हणजे तुमचा ५ किमीचा वेळ साधारण पावणेएकोणतीस मिनिटांच्या आसपास येईल, म्हणजे ५:४५ चा पेस (एका किमीला ५ मिनिटं ४५ सेकंद). इंटरव्हल त्याच पेसने मारा, त्याहून जोरात नको. ८०० मीटरचे ४ पुरे सुरुवातीला, प्रत्येकी ४:३६, मध्ये दोन-अडीच मिनिटं अगदी रमतगमत जॉगिंग. आधी १५ मिनिटं वॉर्मअप, तो टाळू नका. आठवड्यातून एकदाच, आणि बाकीचे दोन दिवस ७ च्या पेसने किंवा त्याहून हळू, शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल असं. (हे हळू पळणंच लोकांना सगळ्यात जड जातं, कुणी ओव्हरटेक केलं की इगो दुखतो.)

घड्याळावर दिसणाऱ्या चालू पेसच्या नादी लागू नका, ट्रॅकवर जीपीएस वेड्यासारखा वरखाली होतो. लॅपचा वेळ बघा. पहिल्या लेनचा एक राउंड (४०० मीटर) २:१८, म्हणजे २०० च्या खुणेला १:०९ पाहिजे. मला तिथे हमखास ५८-५९ सेकंद दिसायचे आणि गंमत म्हणजे तेव्हा अजिबात जोरात पळतोय असं वाटायचं नाही, कारण श्वास आणि हार्ट रेट वर चढायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोपर्यंत सगळं सोपंच वाटतं आणि बिल नंतर येतं.

रेसमध्ये नेमकं हेच होतं. आजूबाजूला गर्दी, अंगात जोश, पहिला किमी ५:२० ने जातो, ४० सेकंद कमावले म्हणून आपण खुश. मग सात, आठ, नऊ हे तीन किमी ६:४० ने गेले की तिथेच २ मिनिटं गेली. सौदा तोट्याचा. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे, त्याने २०१८ ला बर्लिनमध्ये मॅरेथॉन २:०१:३९ मध्ये मारली तेव्हा पहिला अर्धा ६१:०६ आणि दुसरा ६०:३३ होता, म्हणजे वर्ल्ड रेकॉर्ड करतानासुद्धा तो माणूस दुसऱ्या अर्ध्यातच जास्त जोरात पळला. आपण कोण लागून गेलो?

तुम्ही पहिले २ किमी ६:०५ ने काढा, लोक पुढे जाऊ देत. मग ६ वर या, आणि आठव्या किमीनंतर जे शिल्लक असेल ते लावा. पहिल्या वेळी फार सावध पळाल आणि शेवटी ताकद उरेल, चालतंय, पुढच्या रेसला दर किमीला ५ सेकंद कमी करून बघा.

आणि पोटरी किंवा नडगी दुखत असेल तर त्या आठवड्यात इंटरव्हल सरळ सोडून द्या, नंतर डबल करून भरपाई करायला जाऊ नका. मी गेलो होतो, ३ आठवडे घरी बसलो.