फिश टँकमधले मासे आणि कोरल यांचे फोटो काढायला कोणती लेन्स घ्यावी?

कोरलचे क्लोजअप हवे असतील तर सरळ मॅक्रो लेन्स घ्या, ९० ते १०५ एमएमची, आणि १:१ मॅग्निफिकेशन (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते) आहे ना ते आधी बघा, कारण नावात मॅक्रो लिहिलेल्या बऱ्याच झूम लेन्स तिथपर्यंत पोचतच नाहीत. ६० एमएम पण छान असते पण तिला फार जवळ जावं लागतं, मागच्या बाजूचं कोरल मग लांबच राहतं. पूर्ण टँकसाठी कॅमेऱ्यासोबत मिळणारी किटची १८-५५ एमएम लेन्स पुरते.

खरं सांगू का, लेन्सपेक्षा काच जास्त त्रास देते. कॅमेरा काचेला एकदम काटकोनात धरा, जरा तिरका झाला की फोटो मऊ येतो आणि कडांना रंगाच्या रेघा दिसतात, महागडी लेन्स असली तरी. खोलीतले लाइट बंद, काच आतून-बाहेरून पुसलेली, आणि कोरलसाठी थोडा वेळ पंप बंद म्हणजे ते हलत नाहीत.

पोहणाऱ्या माशांना शटर १/२०० सेकंदाच्या आसपास तरी ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. कोरलला अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) एफ/८ ते एफ/११, कारण इतक्या जवळून फोकसमध्ये येणारा भाग अगदी पातळ मिळतो. निळ्या लाइटखाली रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, नाहीतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, नंतर नीट सुधारता येत नाही.