युरियामुळे खरंच हरितगृह वायू तयार होतात का? आणि शेणखत वापरलं तर होत नाहीत का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की हवा बिघडवतात गाड्या आणि कारखाने, शेतकऱ्याच्या युरियाचं नाव यात मुद्दाम घुसवलंय. ते वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी घरात सात वर्षं ऐकतेय.

आधी उत्तर. हो, होतात. शेणखतानेही होतात. आता सविस्तर सांगते.

मी एम.एस्सी. अ‍ॅग्री केलं तेव्हा माझा प्रोजेक्ट यावरच होता. गव्हाच्या प्लॉटमध्ये मातीत एक चौकट रोवायची, तिच्यावर तळ नसलेली पेटी घट्ट बसवायची, आणि सकाळी लावल्या लावल्या, वीस मिनिटांनी, चाळीस मिनिटांनी असं सिरिंजने आतली हवा ओढून घ्यायची. मग ती लॅबमध्ये मशिनवर लावायची आणि त्यात नायट्रस ऑक्साइड, म्हणजे युरियातून सुटणारा मुख्य हरितगृह वायू, किती वाढला ते बघायचं. एरवी आकडा जवळजवळ जमिनीला टेकलेला असायचा. युरिया टाकून पाणी दिलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो असा उसळायचा की पहिल्यांदा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, सगळं परत केलं, तरी तेच. दहा-बारा दिवसांनी पुन्हा खाली. म्हणजे हंगामाचा बराचसा हिशोब त्या दहा-बारा दिवसांत होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कारण साधं आहे. युरियाचं मातीत अमोनियम होतं, अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात, त्यातच थोडा नायट्रस ऑक्साइड गळतो. मग आपण सरी भरून पाणी सोडतो. मातीतली हवा संपते, आणि ज्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही ते नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात, मागे उरतो तो वायू वर जातो. रान पूर्ण बुडालेलं राहिलं तर तो बराचसा साध्या नायट्रोजनपर्यंत जातो, तो हवेत आधीच ७८ टक्के आहे, त्याने हवेचं काही बिघडत नाही (खिशाचं बिघडतं, पैसे तेवढेच गेले). पण धड वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी) नाही आणि धड तुंबलेलंही नाही अशी जी मधली अवस्था असते तिथे नायट्रस ऑक्साइड सगळ्यात जास्त सुटतो. तो हवेत शंभर वर्षांच्या वर टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो म्हणजे २७३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात. वर ओझोनलाही खातो.

आता आमच्या घरचं सांगते. माझं सासर वाळवा तालुक्यात, काळी रानं, उपसा योजनेचं पाणी, सगळा ऊस. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी सुरूच्या (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) उसाची मोठी बांधणी, म्हणजे बुडाला माती चढवायचं काम, होतं, जूनचा पहिला आठवडा. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकरी चार पोती युरिया एका दमात फोकून दिला. आधी तीन झाली होतीच, आणि नंतर एक पडणार होतं. पॉवर टिलरवाला दुसऱ्याच्या रानात अडकला, तो दोन दिवस आलाच नाही, त्यामुळे युरिया ओल्या सरीत उघडाच पडून. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेले तर बांधावरच नाकाला अमोनियाचा वास झोंबला. मी म्हटलं, आबा, खत उडून चाललंय. ते म्हणाले, खताचा वास खतालाच येणार. मग त्याच रात्री पाण्याची पाळी आली, पाळी सोडायची कशी म्हणून भरपूर पाणी दिलं, आणि वरनं पाऊस. खालच्या अंगाला पाच दिवस पाणी हललं नाही.

तीन आठवड्यांत खालचा ऊस पिवळा पडला. आबा म्हणाले खत कमी पडलं, आणखी दोन-दोन पोती टाका. मी सगळ्यांसमोर नको म्हटलं. खत कमी पडलेलं नाही, टाकलेलं गेलंय, आणि मुळांना हवा नाही, आधी चर काढून पाणी बाहेर काढा. त्यावर मला जे ऐकवलं ते मी विसरलेले नाही. "पेटी लावून वारं मोजणाऱ्यांनी आम्हाला ऊस शिकवू नये." माझे मिस्टर तिथेच उभे होते, बोलले नाहीत. पोती टाकली गेली.

घरच्या खर्चाची वही तेव्हापासून मी लिहायला लागले, म्हणून आकडा सांगू शकते. त्या वर्षी ठरल्याप्रमाणे एकरी आठ पोती युरिया आणि तीन पोती १०:२६:२६ हे मिश्र खत (त्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, १० टक्के) पडलं, वरची दोन मी धरतच नाही. ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र, म्हणजे सगळं मिळून एकरी १८० किलो. सुरूची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी शंभर! जगभर हिशोबाला ढोबळमानाने धरतात की टाकलेल्या नत्रातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जातं. १.८ किलो नत्र, म्हणजे २.८ किलो वायू, त्याला २७३ ने गुणा, साधारण ७७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. एका एकरात. पावणेतीनशे-तीनशे लिटर डिझेल जाळल्यासारखं आहे हे, आणि तुम्ही म्हणताय गाड्याच दोषी. यात युरिया मातीत फुटताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड नाही, कारखान्यात युरिया बनवताना जळालेला गॅसही नाही.

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? शेतकरी मूर्ख आहे म्हणून हे होत नाही, युरिया स्वस्त ठेवलाय म्हणून होतं. पोतं २६६ रुपयांच्या आसपास, बाकी सरकार भरतं. २०१० पासून स्फुरद-पालाशच्या (फॉस्फरस-पोटॅशच्या) खतांचं अनुदान घटकांवर ठरायला लागलं, त्यांचे भाव सुटले, युरिया मात्र तिथेच राहिला. मग माणूस काय टाकणार? पान काळंभोर दिसलं की मनाला बरं वाटतं. २०१५ पासून सगळा युरिया निमकोटेड केला ते चांगलं झालं, अमोनियमचं नायट्रेट जरा सावकाश होतं, पण आठ पोत्यांवर कडुलिंबाचं तेल तरी काय करणार. आणि नॅनो युरियाचं कोणी सांगायला आलं तर मला पटत नाही. तो पहिल्यांदा आला तेव्हा अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्के म्हणजे २० ग्रॅम नत्र होतं, पोत्यात २० किलो. ही बाटली त्या पोत्याची जागा कशी घेणार ते मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

शेणखताचं. त्यातलं नत्रही शेवटी अमोनियम आणि नायट्रेट होऊनच पिकाला मिळतं, जिवाणू तेच, वायूही तोच. फक्त सावकाश मिळतं आणि जमिनीचा कर्ब (कार्बन) वाढतो, म्हणून मी शेणखताच्या बाजूची आहे. पण कच्चं शेणखत, त्याच्यावर युरिया आणि त्याच्यावर सरी भरून पाणी हे तिन्ही एकत्र केलं तर नुसत्या युरियापेक्षा वाईट, कारण जिवाणूंना खायला कर्बही मिळतो. उकिरडा वर्षभर ओला कुजत ठेवला तर तिथूनही मिथेन जातोच. चांगलं कुजवा, मग टाका, आणि त्यातलं नत्र युरियातून वजा करा. हे वजा करणं कोणीच करत नाही.

त्या भांडणानंतर दोन वर्षांनी खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकात) मी हट्टाने अर्धा एकर मागून घेतला. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवू दिलं नाही (एकरी तीन-चार टन निघतं, जाळलं की त्यातलं नत्रही गेलं), ते सरीत दाबून त्यावर थोडा युरिया आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं. बाकी खत पहारीने दिलं, बुडख्यापासून वीतभर लांब, वीतभर खोल, दोन भोकांत फूटभर अंतर. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांनी आणि दुसरा साडेचार महिन्यांनी, वाफशावर. एकूण नत्र शिफारशीइतकंच. दोन बायका आणि मी, कंबर मोडली, पण केलं. तोडणीला टोळीच्या मुकादमाला हातापाया पडून माझी ट्रॉली वेगळी भरायला लावली. काट्याच्या पावत्या अजून वहीत चिकटवलेल्या आहेत, माझं १९ टन आणि शेजारच्या आबांच्या अर्ध्या एकराचं साडेएकोणीस. युरियाची पोती निम्म्याच्या जवळ.

आबा म्हणाले, तुझ्याकडची जमीन मुळातच चांगली आहे. मग पुढच्या वर्षी तुकडे बदलून घेऊ म्हटलं, तर पट्टा त्यांनी मला दिला नाही. माझ्या दृष्टीने तिथेच सिद्ध झालं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तो एक टक्का सरासरी आहे, तुमच्या रानात अर्धा असेल नाहीतर दीडाच्या वर असेल, ओल्या हवामानात जास्त धरतात. माझी एका वर्षाची अर्ध्या एकराची पावती हा काही प्रयोग नाही, आणि त्या अर्ध्या एकरात मी वायू मोजलेला नाही, पेट्या कॉलेजातच राहिल्या. खत खोल दिल्याने मुख्यतः अमोनिया वाचतो. तो वाचला आणि डोस तेवढाच ठेवला तर मातीत नायट्रेट उलट जास्त साठेल आणि नायट्रस ऑक्साइड वाढूही शकतो, म्हणून डोस कमी करणं आधी, पहार नंतर. ठिबक असेल तर पहारीची गरजच नाही, आठवड्याला थोडं थोडं सोडा.

तुम्ही पीक आणि जमीन लिहिलेली नाही. भात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मिथेनचं बघावं लागतं. ऊस असेल तर यंदाच्या बांधणीला चार सऱ्या वेगळ्या ठेवा, त्यांत एकरी दोन पोती कमी या हिशोबाने टाका, आणि युरिया टाकल्यावर पहिलं पाणी हलकं द्या, सरी भरून नको. तोडणीआधी ट्रॉली वेगळी भरायचं मुकादमाशी बोलून ठेवा, तो ऐन वेळी ऐकत नाही.