जिना चढतो, पण फोन वाजला की धडधडतं

प्रश्न : हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली आहे. दोन जिने सहज चढतो. पण साहेबांचा फोन आला की धडधडतं. रुजू होऊ का?

उत्तर : जरूर व्हा, पण आधी ही धडधड डॉक्टरांच्या कानावर घाला. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पहिल्या अटॅकनंतर कामावर परतलेल्यांचा अभ्यास झाला. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार कमी, असा ताण सतत सोसणाऱ्यांत पुन्हा हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट आढळला. म्हणून साहेबांकडे नुसती ‘हलकं काम द्या’ अशी विनवणी करू नका (त्यातून बहुधा कंटाळवाणं काम पदरी पडतं). कोणतं काम आधी उरकायचं, हे ठरवायची मुभा मागा. सुरुवातीला अर्धा दिवस जा. रात्री फोन बंद.