पुरावा म्हणून पाठवलेला फोटो

प्रश्न : मुलगा कराडला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री एक-एक वाजेपर्यंत काळ्या पडद्यासमोर बसून कुठल्याशा शेलचे प्लगइन दुरुस्त करतो. मिळत दमडी नाही. मागच्या सेमिस्टरला एक विषय राहिला. महिनाभर झाला, राउटर कपाटात घालून कुलूप लावलंय. पुरावा म्हणून त्याच्या स्क्रीनचा फोटो जोडतोय. आयबीपीएसच्या क्लासला घालू का? – एक वडील

नमस्कार. राहिलेल्या विषयाची मला काळजी नाही, तो पुढच्या परीक्षेत सुटेल. 'पुरावा' हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. पोराच्या पाठीमागे उभं राहून, त्याला न सांगता फोटो काढलात. घरात खटला सुरू आहे आणि आरोपीला पत्ताच नाही.

असो. फोटो मोठा करून नीट वाचला. शेल म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायची जागा, आणि प्लगइन म्हणजे तिला जोडलेल्या छोट्या सोयी. कुणीतरी तक्रार केली आहे की, गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) ब्रँचची, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या शाखांची, यादी उघडली की पहिली ओळ कोरी येते आणि शेवटची ब्रँच गायब होते. तुमच्या मुलानं कारण शोधलं : बॅश या शेलमध्ये यादीची मोजणी शून्यापासून सुरू होते, झेड-शेलमध्ये एकपासून. मूळ कोड बॅशच्या सवयीनं लिहिलेला. त्यानं आकड्यांची भानगडच काढून टाकली आणि यादीतलं एकेक नाव थेट उचललं, म्हणजे दोन्हीकडे चालेल. वर ही चूक परत आली तर पकडणारी एक छोटी चाचणीही जोडली आहे. कॉलेजात आपणच लिहिलेला प्रोग्रॅम आपणच चालवून दाखवायचा आणि जर्नलवर सही घ्यायची असते. परक्याच्या कोडमधली खोट शोधायला तिथं कोण शिकवतं? पुरावा तुम्ही भक्कम पाठवलात, फक्त तो त्याच्या बाजूनं आहे.

आता 'दमडी नाही' याबद्दल. फुकट केलेलं ते काम नव्हेच, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. झेड-शेल १९९० मध्ये पॉल फॉलस्टॅड या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यानं लिहिला. पुढे लोकांनी तो हौसेनं सांभाळला आणि २०१९ मध्ये ॲपलनं मॅकवर तोच मुख्य शेल केला. बॅश सांभाळणारे चेट रॅमी ओहायोतल्या एका विद्यापीठात नोकरी करत हे काम वर्षानुवर्षं करत आले. त्याच बॅशमध्ये २०१४ साली 'शेलशॉक' नावाचं सुरक्षेतलं भगदाड सापडलं, तेव्हा जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. चूक होती १९८९ ची! डागडुजीची किंमत अशा दिवशी कळते.

पण चिरंजीवांनाही दोन शब्द. रॅमींनी नोकरी धरून बॅश सांभाळला, हे विसरू नकोस. नुसत्या प्लगइनच्या दुरुस्तीवर घर चालत नाही. तक्रार चार दिवस पडून राहिली तर कुणाचं छप्पर उडत नाही, तेव्हा रात्री अकराला लॅपटॉप बंद. शेलच्या खाली काय चालतं ते शिक : ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग. लिनक्स ॲडमिन आणि डेव्हऑप्सच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या आणि सॉफ्टवेअर त्यावर चालतं ठेवायच्या, कामाला हेच लागतं. 'गूगल समर ऑफ कोड'ला, म्हणजे अशाच खुल्या सॉफ्टवेअरवर नवख्यांकडून काम करून घेणाऱ्या गूगलच्या उपक्रमाला, अर्ज कर. अठरा पूर्ण असले की करता येतो आणि निवड झाली तर मानधनही मिळतं. बाबांना तेवढंच समाधान. पुढे एमसीएची सीईटी आहेच.

आयबीपीएस वाईट नाही. ज्याला द्यायची आहे त्यानं द्यावी. तुमच्या दोन पानी पत्रात मुलाला काय करायचंय याची एक ओळ नाही, मग क्लासची फी कशाच्या भरवशावर भरताय?

आणखी एक. फोटोच्या कोपऱ्यात तारीख दिसते आहे, कुलूप लावल्यानंतर बारा दिवसांची. पोरगं मोबाइलच्या नेटवर काम करतंय. राउटर बाहेर काढा, फोटो त्याला दाखवा आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.