'ऑन द वॉटरफ्रंट' आवडला म्हणजे चुगलखोराची बाजू घेतली असं होतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. १९५४ च्या 'ऑन द वॉटरफ्रंट'ला एवढं थोर का मानतात, आणि दिग्दर्शक इलिया कझानने जुन्या सोबत्यांची नावं कम्युनिस्ट हुडकणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीला सांगितली हे कळल्यावरही तो पिक्चर आवडत राहिला तर आपण चुगलखोराची बाजू घेतो का. पहिल्याचं उत्तर पिक्चर पाहिलात की मिळेल. दुसऱ्या प्रश्नावरून माझी एक मैत्री तुटली, म्हणून त्यावरच लिहितो.

१९९३ साली मी भिवंडीत एका वाहतूक कंपनीच्या गोदामात कारकून होतो. हमालांचं मस्टर माझ्याकडे. मस्टरवर नावं ३४, प्रत्यक्षात माणसं २७. उरलेल्या सात जणांचा पगार सुपरवायझर उचलायचा, आणि त्या नावांपुढचे अंगठे कुणाचे हे मी कधी विचारलं नाही. तीन वर्षं ती सात नावं मी स्वच्छ अक्षरात लिहीत होतो. त्यातला एक पैसा मला मिळत नव्हता. नोकरी टिकत होती, एवढंच.

एका पावसाळ्यात बदलीवर आलेल्या एका हमालाच्या पायावर मशीनची पेटी पडली. पंजाचा चेंदामेंदा झाला. भरपाईची वेळ आली तेव्हा सुपरवायझरने मस्टर पुढे केलं: हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच. आणि मस्टरप्रमाणे खरंच नव्हता. त्याची हजेरी मी, मला सांगितलं होतं तशी, एका खोट्या नावावर लावली होती. त्याची बायको रोज सकाळी गोदामाच्या फाटकाशी येऊन बसायची. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. मस्टर कोण लिहितो हे तिला माहीतच नव्हतं.

सरकारी कामगार अधिकाऱ्याची चौकशी लागली तेव्हा मी जबाब दिला.

सुपरवायझर हा माझ्या जिवलग मित्राचा मेहुणा. मित्रही त्याच कंपनीत, हिशेबाच्या टेबलावर. आम्ही दोघं ठाण्याचे. फिल्म सोसायटीचे खेळ पाहायला शनिवारी मिळून मुंबईला जायचो. 'ऑन द वॉटरफ्रंट' आम्ही तिथेच शेजारीशेजारी बसून पाहिला होता आणि परतीच्या लोकलमध्ये कझानला मिळून शिव्या घातल्या होत्या. जबाबानंतर तिसऱ्या दिवशी त्याने मला ठाणे स्टेशनच्या जिन्यावर गाठलं. "तू कझान निघालास," म्हणाला आणि गर्दीत उतरून गेला. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही आली नाही. ती मुलगी माझ्या मांडीवर बसून बाराखडी शिकली होती.

त्या जिन्यावर मला उत्तर सुचलं नाही. आता आहे.

कझानने काय केलं ते नीट पाहा. तिशीच्या दशकात तो न्यू यॉर्कच्या ग्रुप थिएटर या नाटकमंडळीत असताना दीडेक वर्ष कम्युनिस्ट पक्षात होता. १९५२ च्या जानेवारीत समितीपुढे त्याने नावं सांगायला नकार दिला. एप्रिलमध्ये पुन्हा गेला आणि आठ नावं दिली, सगळी त्याच ग्रुपमधल्या सोबत्यांची. मग 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन आपलं कसं बरोबर होतं तेही छापलं. या लोकांनी कुणाचा खून केला नव्हता की कुणाच्या मजुरीवर डल्ला मारला नव्हता. नाव पुढे आलं की हॉलिवूडचं काम बंद, अशी ती वेळ होती. कझानचं काम मात्र चालू राहिलं. पटकथा लिहिणारा बड शुलबर्गही समितीपुढे नावं सांगून आलेला, आणि गुंड युनियन-बॉस जॉनी फ्रेंडली रंगवणारा ली जे. कॉबही. त्याआधी कझान आणि नाटककार आर्थर मिलर यांनी मिळून धक्क्यावरच्या कामगारांचीच एक पटकथा कोलंबिया या फिल्म कंपनीकडे नेली होती. तिथे गुंडांच्या जागी कम्युनिस्ट घाला म्हणाले, तेव्हा मिलरने ती काढून घेतली. मिलर अडून राहिला हे विसरू नका.

आणि पिक्चरमधला टेरी मलॉय, म्हणजे मार्लन ब्रँडोने रंगवलेला धक्क्यावरचा कामगार, काय करतो? जो खरा खुनी आहे, ज्याच्या मुठीत अख्खा धक्का आहे, त्या जॉनी फ्रेंडलीविरुद्ध साक्षीला उभा राहतो. फ्रेंडलीच्या माणसांनी मारलेल्या जोई डॉयलला गच्चीवर बोलवायला आपणच गेलो होतो, हे तो जोईच्या बहिणीला स्वतःच्या तोंडाने सांगतो. तो प्रसंग तर बघाच. बंदरातला भोंगा आणि यंत्रांचा दणका यांत त्याचे शब्द बुडून जातात. आपल्याला दिसतो तो बहीण झालेल्या इव्हा मेरी सेंटचा चेहरा. टेरीला यातून काय मिळतं? भावाचं प्रेत, मान मुरगळलेली कबुतरं, आणि मार.

कायद्याच्या भाषेत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, साक्षीदार आणि माफीचा साक्षीदार. कझान दुसरा होता आणि त्याने आयुष्यभर स्वतःला पहिला समजलं. १९८८ च्या आत्मचरित्रात त्याने उघड लिहिलंय की शेवटी टेरी जे केलं त्याचा आनंद आहे असं ओरडतो, तेव्हा तो आवाज माझाच होता. हे खोटं आहे. टेरी बलवानाचं नाव घेतो, कझानने पडलेल्यांची घेतली. पिक्चर दिग्दर्शकापेक्षा मोठा आहे असं मी म्हणतो ते याच अर्थाने: त्याला स्वतःची वकिली करायची होती आणि त्याच्या हातून टेरी घडला, ज्याच्यापुढे तोच उघडा पडतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. पिक्चर बिनदिक्कत आवडून घ्या. तो एकट्या कझानचा नाहीच. मॅल्कम जॉन्सन या पत्रकाराच्या १९४८ च्या लेखमालेवर तो उभा आहे. तिला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं. फादर बॅरी हे पात्र जॉन कॉरिडन या खऱ्या जेझुइट पाद्र्यावरून घेतलंय. छायाचित्रण बोरिस कॉफमनचं. न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये कडाक्याच्या थंडीत, खरे गोदी कामगार घेऊन शूटिंग केलं, माणसांच्या तोंडची वाफ खरी आहे. टॅक्सीतला प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. टेरीचा भाऊ त्याच्यावर पिस्तूल रोखतो आणि ब्रँडो ते रागाने हिसकावून घेत नाही, हळूच बाजूला सारतो, लहान मुलाच्या हातातली सुरी काढावी तसं.

सकाळी धक्क्यावर बिल्ल्यांसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, तो प्रसंग मला बघवत नाही. माझे आजोबा मुंबई गोदीत होते. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा येण्याआधी टोळीवाला बोट दाखवेल तोच आत जायचा, आणि बोट आपल्याकडे वळावं म्हणून त्याचा खिसा गरम करावा लागायचा. आजोबा हे सांगताना मान खाली घालायचे.

एक मान्य करतो. शेवट गोड आहे, कामगार बॉसला सोडून टेरीमागे जातात; खऱ्या बंदरात तसं झालं नाही. न्यू यॉर्क बंदरातल्या कामगारांच्या १९५४ च्या मतदानात जुनीच युनियन निसटती का होईना, जिंकली. शुलबर्गने पुढच्या वर्षी यावर कादंबरी लिहिली, तिच्यात टेरी मारला जातो. शिवाय १९९९ मध्ये कझानला मानद ऑस्कर दिलं तेव्हा काही जण हाताची घडी घालून बसून राहिले, त्यांचंही मला पटतं. ज्यांचं काम गेलं त्यांच्या घरच्यांनी हा पिक्चर पाहू नये असं ठरवलं, तर त्यांना मी कलेच्या गोष्टी सांगायला जाणार नाही.

पण तुम्हाला कुणी 'कझान' म्हणालं तर लगेच गप्प बसू नका, मी बसलो होतो. नाव कुणाचं घेतलं, त्याच्या हातात काय होतं, आणि नंतर कुणाची नोकरी गेली, एवढं त्याला विचारा. आमच्याकडे सुपरवायझरची बदली झाली, हमालाला अर्धीमुर्धी भरपाई मिळाली, आणि चार महिन्यांत मला घरी बसवलं.

माझा तो मित्रही इथे वाचत असतो असं ऐकलंय. त्या जबाबाची नक्कल माझ्याकडे आहे, कपाटात, वरच्या खणात. तुझ्या मेहुण्याचं नाव तिच्यात दुसऱ्या परिच्छेदात येतं. पहिल्यात खोटी हजेरी कुणी लिहिली ते आहे, आणि तिथे फक्त माझं नाव आहे. घर तेच आहे. येऊन वाच.