मेळघाटला जाण्याआधी अझरयांविषयी

चि. बाळ,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. पाळकाच्या दीक्षेनंतर शहरात डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, ऑफिसात राहावं की मेळघाटातल्या कोरकू गावांत जावं, असं विचारलंयस. ऑफिसात राहिलं की वरिष्ठांच्या नजरेसमोर राहता येतं, हेही मोकळेपणानं लिहिलंस, ते बरं केलंस. माझं मत नंतर सांगतो. आधी डोर्नकलचे बिशप व्ही. एस. अझरया यांच्याविषयी ऐक, कारण त्यांनाही एकदा असंच ठरवावं लागलं होतं.

जन्म १८७४ चा, तिरुनेलवेलीकडच्या वेल्लालनविलै गावातला. घरची भाषा तमिळ, वडील गावचे पाळक. पस्तिशीपर्यंत अझरयांचं उत्तम चाललं होतं. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सेक्रेटरी, दक्षिणेत सगळीकडे प्रवास, देशाबाहेरही ओळखी. १९०३ मध्ये त्यांच्या पुढाकारानं तिरुनेलवेलीत एक मिशनरी सोसायटी उभी राहिली. तिचा पैसाही इथला आणि माणसंही इथलीच. तिचं क्षेत्र होतं निजामाच्या राज्यातलं डोर्नकल. तरुणांना तिकडे जा म्हणून सांगत फिरायचं आणि आपण मद्रासला राहायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. १९०९ मध्ये नोकरी सोडून, दीक्षा घेऊन ते स्वतःच डोर्नकलला गेले. तिथली भाषा तेलुगू. ती त्या वयात मुळापासून शिकायला बसले.

बिशपपद त्यानंतरचं. मद्रासचे बिशप व्हाइटहेड यांनी त्यांचं नाव पुढे केलं तेव्हा कुरकुर झाली. गोरे मिशनरी एका भारतीयाच्या हाताखाली काम करतील का, हा त्यातला खरा सवाल होता, आणि आपल्याच माणसांतूनही विरोध झाला. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांचा अभिषेक झाला. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मंडळीतले ते पहिले भारतीय बिशप.

त्याआधी दोन वर्षं, जून १९१० मध्ये, एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत ते बोलले होते. ते भाषण तू मुळातून वाच. समोर बसलेल्यांच्या देणग्यांवर हिंदुस्थानातल्या कितीतरी शाळा, दवाखाने चालत होते. अझरयांनी आधी त्यांचे मनापासून आभार मानले. तुम्ही गरिबांना खाऊ घालण्यासाठी आपलं सर्वस्व दिलंत, आपली शरीरं जाळण्यासाठी दिलीत, असं बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या शब्दांत म्हणाले. आणि मग मागितलं ते एवढंच: आम्हांला प्रेमही हवं, आम्हांला मित्र द्या. मिशनरी आणि भारतीय कामकरी यांच्यातलं अंतर त्यांनी तिथं सगळ्यांदेखत मांडलं. काहींना ते झोंबलं. मला त्यांचं धैर्य तर मोठं वाटतंच, पण आधी मानलेले आभार खोटे नव्हते, हे त्याहून मोठं वाटतं. ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याशी लाचारीनं न बोलता आणि रागही न धरता बोलणं फार थोड्यांना जमतं. तुला ते शिकावंच लागेल.

डोर्नकलच्या खेड्यांत प्रभूकडे आले ते मुख्यतः माला आणि मादिगा, गावकुसाबाहेरचे लोक. अझरया नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावत आणि म्हणवून घेत: मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे, ‘मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा होणार!’ अक्षरओळख नसलेल्या शेतमजुराला पहिल्याच दिवशी साक्षीदार करून टाकायचं! कुणाला मेंढरासारखं नुसतं हाकत न्यायचं नाही, हे मला त्यात दिसतं.

सगळं साधलं असं मात्र नाही. माला आणि मादिगा यांच्यातली तेढ चर्चच्या आतही शिरली. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढे त्यांची आणि अझरयांची भेट झाली, असं सांगतात. आमचे लोक ख्रिस्ती झाले तर कुठेही गेले तरी एकाच मंडळीत राहतील का, जातीच्या जाचातून पुरते सुटतील का, असं बाबासाहेबांनी विचारलं म्हणे, आणि बिशपना छातीठोकपणे हो म्हणता आलं नाही. त्याची शरम त्यांनी बोलून दाखवली, असंही सांगतात. आपल्या मंडळ्यांत लग्न जुळवताना काय काय विचारलं जातं ते तुला ठाऊक आहे. हा प्रश्न तुझ्यापाशीही येणार.

सगळ्या पंथांची एकी हा त्यांचा ध्यास. १ जानेवारी १९४५ रोजी ते वारले, आणि दक्षिणेतले काही पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं ते १९४७ मध्ये. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तर १९७० मध्ये नागपुरातच स्थापन झालं. तू ज्या चर्चमध्ये दीक्षा घेणार आहेस त्यामागे अशा माणसांची मेहनत आहे.

तेव्हा माझं मत: मेळघाटला जा. तिथं बऱ्याच जणांना मराठी येतं, पण त्यावर भागवू नकोस. कोरकू शीक, पहिलं वर्ष त्यातच गेलं तरी चालेल. लोकांच्या घरी जेव, आणि त्यांनाही आपल्या घरी जेवायला बोलाव. हे दुसरं बहुतेक पाळक विसरतात. ऑफिसातली जागा भरली जाईल, तिची काळजी करू नकोस. घरच्यांची समजूत पटत नसेल तर मला कळव, मी येऊन बोलतो. आणि धारणीला कोरकू शिकवणारं कुणी भेटतंय का, ते आतापासूनच विचारायला लाग.

तुझा,
काका