मालिकेत लफडं नवऱ्याचं, मग आमची आई शिव्या त्या दुसऱ्या बाईलाच का घालते? तिला कसं समजावू?

तुमची आई एकटी नाही. आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरात 'माझ्या नवऱ्याची बायको' लागली की त्यातल्या दुसऱ्या बाईच्या, शनायाच्या नावाने जे निघायचं ते इथे लिहिलं तर उत्तर उडवतील. आम्ही घरी कोंकणी बोलतो, मालिका मराठी बघतो आणि शिव्यांना दोन्ही भाषा वापरतो, त्यामुळे साठा मोठा. नवऱ्याच्या, म्हणजे गुरुनाथच्या वाट्याला मात्र फार तर 'मेल्याला अक्कल नाही'. जणू चॉकलेट दाखवून कुणी पोर पळवलंय.

एक गंमत बघा. शनाया आधी रसिका सुनील होती, मग ईशा केसकर आली, मग परत रसिका. 'आई कुठे काय करते'मधली संजना आधी दीपाली पानसरे, मग रूपाली भोसले. 'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या भागात अपूर्वा नेमळेकर मध्येच गेली आणि कृतिका तुळसकर शेवंता झाली. आणि पुरुष? अभिजीत खांडकेकर, मिलिंद गवळी, माधव अभ्यंकर, तिघेही जागच्या जागी. नट्यांनी काम सोडायची कारणं त्यांची त्यांना, त्यात मी काही कट शोधत नाही. पण आमच्याकडे चेहरा बदलला तरी शिव्यांत एका रात्रीचा खंड पडला नाही. त्या पाटावर जी बसेल तिला त्या मिळणार.

कारण साधं आहे. नवऱ्याला तोंड भरून शिव्या दिल्या तर उद्या त्याला जेवायला वाढायचं कुठल्या तोंडाने? ती बाहेरची, तिला हाकलता येतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पुढचं माझं आहे, वाचायचं तर वाचा.

'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. पहिल्या भागात मेलेले अण्णा नाईक यात जिवंत, आणि त्यांचं लफडं पाटणकरांच्या बायकोशी, शेवंताशी. रात्री साडेदहाला आमचा सगळा वाडा जागा. माझा थोरला भाऊ तर अण्णांवर फिदा. माणूस खून पाडतो, बायकोला, माईला, पायपुसण्यासारखी वागवतो, पण "काय रुबाब!" आकेरीला शूटिंगचा वाडा बघायलाही तो आम्हाला गाडीत कोंबून घेऊन गेला. त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीत, तिसऱ्या रात्री आरती झाल्यावर दादाने धोतर नेसून अण्णांची नक्कल केली. ती चाल, ती नजर. सगळे हसून लोळले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

माझी धाकटी काकी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीखाली, बसून वाती वळत होती. दादाची नक्कल संपल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "अण्णा झालो. आता शेवंता कोण जाता? माईचो पार्ट हांव करीन. म्हाका पाठ आसा."

समई तडतडलेली ऐकू आली.

आमच्या काकांचं म्हापशाला दुकान होतं आणि म्हापशालाच दुसरं बिऱ्हाड. गावात सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं नाही. शनिवारी रात्री काका घरी येत, येताना मासळी आणत, काकी ती करून वाढायची. 1998 साली काकांनी लग्नानंतर घेतलेली काजूची जमीन विकायला काढली. दुकानाचं कर्ज आहे म्हणाले. कर्ज होतंही, पण अर्धे पैसे कुठे जाणार हे घरच्या मांजरालाही कळत होतं. कागद घेऊन काकीकडे गेला तो आमचा दादा, तेव्हा चोवीस वर्षांचा. "सही करून टाक काकी, घरच्या अब्रूचा प्रश्न आहे."

काकी चौथी शिकलेली. पण लग्नाच्या वेळी सिव्हिल रजिस्ट्रारपुढे दोनदा जाऊन सही केलेली तिच्या पक्की लक्षात होती. गोंयकारांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. इथे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1961 नंतरही चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, निम्मी-निम्मी, आणि जमीन-घर विकायला दोघांचीही सही लागते. काकी दादाला म्हणाली, "ज्या हाताने दोनदा सही केली तो हात आता दुखतो." झालं. जमीन राहिली.

आकेरी आमच्यापासून लांब नाही. बांदा, सावंतवाडी ओलांडली की पुढे कुडाळच्या वाटेवर. बोलणं जवळजवळ आमचंच, तीच पेज, तेच माड. पण मध्ये महाराष्ट्राची हद्द आहे आणि हद्दीपलीकडे हा कायदा नाही. म्हणून मला माईचा राग अण्णांपेक्षा जास्त यायचा आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. शकुंतला नरे यांनी काम फार सुंदर केलंय, माझं भांडण लिहिणाऱ्यांशी आहे. सोसणाऱ्या बाईला देव्हाऱ्यात बसवलं की तिला काही द्यावं लागत नाही. आणि ती उठून गेली तर काय होतं तेही पाहिलं. 'आई कुठे काय करते'मध्ये अनिरुद्धच्या बायकोने, अरुंधतीने, नंतर आशुतोषशी लग्न केलं तेव्हा आमच्याच घरात "या वयात?" झालं. अनिरुद्ध संजनाकडे गेला तेव्हा त्याचं वय कुणी काढलं नव्हतं.

त्या म्हापशाच्या बाईला काकीने कधी शिवी दिलेली मी ऐकली नाही. एका शुक्रवारच्या बाजारात सुक्या मासळीपाशी दोघी समोरासमोर आल्या, मी काकीबरोबर होते. ती मान फिरवून निघून गेली. घरी येताना बसमध्ये काकी एवढंच म्हणाली, "तिचें चप्पल तारेन बांदिल्लें. तिकाय कांय दिवंक ना तेणें." तिलाही त्याने काही दिलं नाही.

दादा अजून म्हणतो की त्या एका सहीपायी दुकान बुडालं आणि काका खचले. दुकान बुडालं हे खरं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि जेवताना मोठ्याने म्हणाले होते, "काकीने बरं केलं." त्यावर दादा चवथ येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आजही अण्णांचा विषय निघाला की आमची गाडी सही आणि दुकानावरच येऊन थांबते, म्हणून हे सगळं इथे लिहून ठेवतेय. दादा, वाचत असशील तर कर्ज काकांनी काढलं होतं, काकीने नाही.

आता तुमची आई. तिला समजावू नका, ती ऐकणार नाही आणि रिमोट लपवून ठेवेल. शेजारी बसा. शनायाला शिव्या चालू असतील तेव्हा सहज विचारा, "घर कुणाच्या नावावर आहे गं?" मालिकेतल्या बायकोचं, राधिकाचं नाही, तुमचं. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर उत्तर वेगळं येईल, ते वकिलाला विचारा, मला नाही. आणि गोव्यात सगळं गोड आहे असंही समजू नका. लग्नाआधी करार झाला असेल तर हिशेब बदलतो, आणि सहीसाठी घरातल्या घरात किती दाबतात ते कुठल्या कलमात लिहिलेलं नसतं. काकीसारखी अडून बसलेली दुसरी बाई मी आमच्या वाड्यावर पाहिली नाही.

तिच्या त्या काजूंना अजून चांगल्या बिया लागतात. गेल्या मे महिन्यात पहिली करंडी दादाच घेऊन गेला. काकीने मोजून दिली.